ब्रेक तेलातले की कोरडे?

सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर बसणाऱ्या ताईला सगळे मिस्त्री 'पोथीताई' म्हणायचे. कुणी जुन्या ट्रॅक्टरसाठी ऑइल मागितलं की ती आधी चष्मा चढवायची, मग कंपन्यांची जाडजूड पुस्तकं काढायची. ट्रॅक्टरचा चेसिस नंबर, वर्ष, ब्रेक कोणते, सगळं विचारून झाल्याशिवाय फळीवरचा डबा खाली यायचा नाही. "अहो, तेल न्यायला आलोय, सोयरीक जुळवायला नाही," असं मिस्त्री म्हणत. ती हसून सोडून द्यायची. दुकान तिच्या काकांचं, पण तेलाची फळी तिची. अकरा वर्षांत एकही डबा चुकीचा गेला नव्हता.

त्या दिवशी मात्र तिने पुस्तक उघडलं नाही. दुकानात गर्दी होती आणि थोरला मिस्त्री रंगात आला होता. "पोथी बघितल्याशिवाय हिला स्वतःचं वय तरी सांगता येईल का?" तो म्हणाला आणि सगळे खो खो हसले. तेव्हा काउंटरसमोर चढावरच्या घरातली वहिनी उभी होती. नवरा बाहेरगावी नोकरीला, घरी म्हातारे सासरे, त्यामुळे पंचवीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर तीच चालवायची. गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेल बदलायचंय, असं म्हणून तिने मॉडेल सांगितलं.

"नव्वद नंबरचं गिअर ऑइल," ताई पटकन म्हणाली आणि डबे उतरवून दिले.

"अरे वा, पाठ झालं की," मिस्त्री म्हणाला. तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, दिवसभर बरं वाटत राहिलं.

दोन आठवड्यांनी, गुरुवारी, तोच मिस्त्री बेअरिंग न्यायला आला. "चढावरच्या म्हाताऱ्याच्या पायाची नळी मोडली काल," तो म्हणाला. "ट्रॉली जोडायला मागे उभा होता. ट्रॅक्टर उतारावर मागे आला तो थेट त्याच्या अंगावर. सुनेचा पाय ब्रेकवर वेळेत पोचला नाही."

"कोण म्हणतं असं?"

"घरातलेच. तिची नणंद आलीय, ती तर सगळ्यांना सांगतेय. सून म्हणते, चार दिवस ब्रेक किरकिरत होता, मागची हायड्रॉलिक लिफ्टही सावकाश उठत होती. आता नाचता येईना अंगण वाकडं."

मिस्त्री गेल्यावर तिने पुस्तक काढलं. ते मॉडेल एकाच नावाने बरीच वर्षं निघत होतं. आधीच्या ट्रॅक्टरांचे ब्रेक बाहेर, कोरडे. नंतरच्यांचे आत, तेलात बुडालेले. तिथे एकच तेल गिअरला, लिफ्टला आणि ब्रेकला पुरं पडावं लागतं, म्हणून ते वेगळं असतं. नव्वद नंबरसारखं नुसतं गिअरचं जाड तेल भरलं की ब्रेकच्या प्लेटा एकमेकींना धरत नाहीत, घसरतात. बॉनेटवरून फरक कळत नाही. नंबर विचारावा लागतो.

तिने विचारला नव्हता.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "प्लेटा झिजलेल्याही असतील," ते म्हणाले. "कोण सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. तू तोंड उघडलंस तर उद्या एकही मिस्त्री आपल्या दारात पाऊल ठेवणार नाही."

"आणि वहिनीला बोल लावतायत त्याचं काय?"

"घरचं आहे ते. विसरतील."

चार दिवस ती गप्प बसली. काउंटरवर कुणी नुसतं ग्रीस मागितलं तरी ती पुस्तक उघडायची. मंगळवारी सकाळी तिने योग्य तेलाचे डबे रिक्षात टाकले आणि काकांना न सांगता निघाली.

वहिनी अंगणात चादरी पिळत होती. ताईने आधी ट्रॅक्टरजवळ जाऊन नंबराची पट्टी फडक्याने पुसली, वाचली, दुसऱ्यांदा वाचली. कोरड्या ब्रेकचा असेल, अशी मनात उगाच एक आशा होती, तीही गेली. मग ती वहिनीकडे वळली आणि सगळं सांगितलं.

वहिनीच्या हातातली चादर तशीच राहिली. "म्हणजे मी ब्रेक दाबला होता."

"दाबला असणार."

"असणार काय? दाबला होता. उभी राहिले होते मी त्याच्यावर." तिचा आवाज चिरकला. "सगळे इतके म्हणायला लागले की मलाच वाटायला लागलं, नसेल दाबला. तुम्हाला कधी कळलं हे?"

"गुरुवारी."

"आज मंगळवार आहे, ताई."

वहिनीने चादर बादलीत टाकली. "मला नका सांगू. आत चला, तिथे सांगा."

आत सासरे पाय उशीवर ठेवून पडले होते. नणंद त्यांना चमच्याने पेज भरवत होती. ताईने उभ्यानेच पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी जीभ जास्त अडखळली.

"म्हणजे आता डब्याने पाय मोडला म्हणायचं का?" नणंद म्हणाली. "हिने तुम्हाला बोलावून आणलं असेल."

"गप्प बस," सासरे म्हणाले. "ती मला म्हणाली होती, बाबा, मागे उभे राहू नका, ब्रेक नीट धरत नाहीये. दोनदा म्हणाली. मीच म्हटलं, तू मला शिकवू नकोस."

नणंदेने चमचा वाटीत ठेवला. वहिनीने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी सहा दिवस हे पोटात ठेवलं होतं, आणि सहा दिवस ती त्यांचं अंथरूण बदलत होती. ती वळली आणि बाहेर गेली.

ताई तिच्या मागोमाग अंगणात आली. "नुसतं तेल बदलून भागणार नाही. प्लेटा उघडून बघायला हव्यात. तोवर चालवू नका. मी मिस्त्री पाठवते, खर्च आमचा."

"डबे ठेवा," वहिनी म्हणाली. "मिस्त्री मी बघेन. तुमच्या ओळखीचा नको."

काका दोन महिने ताईशी कामापुरतंच बोलले. गोष्ट पसरली. तीन मिस्त्री दुसऱ्या दुकानात जायला लागले. थोरला मिस्त्री येत राहिला, पण थट्टा बंद झाली. नणंद आपल्या घरी परतली. म्हातारे काठी घेऊन चालू लागले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःहून सांगू लागले की सुनेची चूक नव्हती. हे ताईच्या कानावर आलं. वहिनी त्यांच्याशी पूर्वीसारखी बोलत नाही, हेही आलं.

एकदा बाजारात दोघी समोरासमोर आल्या. ताई थांबली. वहिनीने ओळखीपुरती मान हलवली आणि चालत पुढे गेली.