टेबलाखालून ऐकलेली मेजवानी

मी दस्तरखान बोलतोय. मला टेबलक्लॉथ म्हणू नका, डोकं फिरतं माझं. टेबलक्लॉथ हा टेबलाचा कपडा. मी कुणाचा कपडाबिपडा नाही. मला जमिनीवर अंथरतात, माझ्यावर ताटं-वाट्या मांडतात आणि घरची माणसं माझ्याभोवती मांडी घालून जेवतात. एवढं साधं काम आहे माझं. पण गेल्या वर्षभरात या लोकांनी मला असं पिडलंय की विचारू नका.

मी मूळचा नगरच्या कापडबाजारातला. जाडं सुती कापड, मेंदीच्या पानासारखा रंग, काठाला पांढरी वेल. रजियाच्या सासूने मला ठाणातून फाडून घेतलं आणि चष्मा नाकावर ओढून स्वतःच्या हाताने कडा शिवल्या. रजिया नवी नवरी होऊन आली, तेव्हा तिला पहिला घास माझ्यावर बसूनच भरवला. तिचा नवरा इब्राहिम, त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. हातांना कायम वार्निशचा वास, पण माणूस हसरा. त्यांची मुलगी नाझनीन माझ्यावरच रांगली. घरात ही मंडळी उर्दू-हिंदी-मराठी सगळं मिसळून बोलतात. मी नगरी माणसांत वाढलो, मी आपला मराठीतच सांगतो.

मग सावेडीत फ्लॅट घेतला आणि त्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबल आलं. झालं! मला वाटलं, संपलो आपण. पण माणसांची जातच न्यारी. नवी वस्तू घेतात ती वापरायला नाही, तिच्यावर सामान ठेवायला. त्या टेबलावर काय नव्हतं? इब्राहिमच्या गोळ्यांची पाकिटं, विजेचं बिल, लसूण, चार्जर, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. जेवायची वेळ झाली की, ‘टेबल कोण आवरणार?’ म्हणत रजिया मला फरशीवर अंथरायची. मी वर बघून हसायचो.

नाझनीनचं लग्न अमजदशी झालं. पोरगा इंजिनिअर, नोकरी इटलीत, मोदेना नावाच्या गावात. दोघं तिकडे गेली. तिथेच नाझनीनला मुलगी झाली, अरफा. रजियाने बाळंतपणाला जायची सगळी तयारी केली होती, डिंकाचे लाडूसुद्धा वळले होते. पण व्हिसा काही वेळेत झाला नाही. मग तिकडे नाझनीनच्या उशाशी कोण बसलं? तर खालच्या मजल्यावरची घरमालकीण, क्लेलिया नावाची म्हातारी. तिनेच सूप करून पाजलं, तिनेच बाळाला न्हाऊ घातलं. रजिया इथे फोन धरून बसायची आणि फोन ठेवला की तोंडात पदर कोंबून रडायची. लाडू इब्राहिमने खाल्ले.

अखेर अरफा चालायला-बोलायला लागल्यावर व्हिसा आला. आणि लगेच नाझनीनचा व्हिडिओ कॉल. ‘‘अम्मी, तुम्ही आलात की क्लेलियाने आपल्याला रविवारी जेवायला बोलावलंय. तिथल्या रीती वेगळ्या असतात हं. मी शिकवते.’’

तिथून माझा छळ सुरू झाला.

रोज दुपारी टेबल आवरायचं, फोन तांब्याला टेकवून ठेवायचा आणि पाण्यात उकडलेल्या शेवया घेऊन दोघं नवरा-बायको शाळेत बसल्यासारखी बसायची. तिकडून नाझनीनचे हुकूम. ‘‘अम्मी, शेवया कापायच्या नाहीत. दातानेही तोडायच्या नाहीत. फोर्कवर थोड्याच घे आणि ताटाच्या कडेला धरून फिरव. चमचा नको लावूस, चमचा लहान मुलं लावतात.’’

‘‘फिरवू किती?’’ रजिया घाबरून विचारायची.

‘‘आणि जेवायचं कधी?’’ इब्राहिम विचारायचा.

‘‘अब्बा, चेष्टा नको. यजमानीण घास घेईपर्यंत आपण घ्यायचा नाही. हात मांडीवर नाही ठेवायचे, मनगटं टेबलाच्या कडेला, दिसली पाहिजेत. जेवणानंतर दुधाची कॉफी मागायची नाही, ती फक्त सकाळी पितात. माशाच्या पदार्थावर चीज मागायचं नाही. आणि ताटात टाकायचं नाही.’’

‘‘पोरी, कॉफीला घड्याळ असतं होय?’’ इब्राहिमला हसू आवरेना. तो गेला शेवयांत साखर घालून खायला. रजिया मात्र फिरवत राहिली. फिरवलेली शेवयांची गुंडाळी तोंडापाशी न्यायची, ती सुटून खाली पडायची. फरशी खराब होऊ नये म्हणून खाली अंथरलेलं कोण? मी! चिकट, ओल्या, गारढोण शेवया. अहो, जमिनीवर नीट बसून हाताने खाल्लं असतं तर पोटात तरी गेल्या असत्या! पण माझं ऐकतंय कोण?

एकदा रजियाने फोर्क आपटलाच. फोन बंद झालेला होता. इब्राहिम म्हणाला, ‘‘सोड ना. एका जेवणाचं काय एवढं मनावर घेतेस?’’

‘‘एका जेवणाचं नाहीये ते,’’ रजिया म्हणाली. ‘‘माझ्या मुलीचं बाळंतपण त्या बाईने केलं. अरफा तिच्या मांडीवर वाढतेय. मला फोनवर बघते आणि तोंड फिरवते. आता तिथे जाऊन मी त्या बाईसमोर अडाणी ठरले, तर ती पोर मला नानी म्हणेल का?’’

इब्राहिमने आपटलेला फोर्क उचलून पुसला आणि तिच्या हातात दिला. मी तेवढा वेळ शेवयांचा राग विसरलो.

मला सोबत न्यायचं नव्हतं. नाझनीनने बजावलं होतं, ‘‘दस्तरखान आणू नकोस, इथे टेबल आहे.’’ बघा! जी माझ्यावर रांगली ती हे बोलते. पण रजियाने नगरच्या बेकरीतून नानकटाई घेतली होती क्लेलियासाठी, आणि डबा फुटू नये म्हणून त्याला माझ्यात बांधलं. म्हणजे विमानात बसलो तो गाठोडं होऊन.

मोदेनात पोचल्यावर जे व्हायचं तेच झालं. अरफा रजियाला बघून किंचाळली आणि नाझनीनच्या मागे लपली. रजियाने खुळखुळा वाजवला, गाणं म्हटलं, चिऊ-काऊ करून पाहिलं. पोरगी काही जवळ यायला तयार नाही. आणि संध्याकाळी जिन्यात क्लेलियाचा आवाज आला मात्र, ही धावत जाऊन तिच्या गुडघ्याला चिकटली. रजिया हसली, पण ते हसू मला चांगलं ठाऊक आहे. पाहुणे जास्त आले आणि रस्सा कमी पडला की ती तसं हसते.

रविवार उजाडला. क्लेलियाने नानकटाईचा डबा घेतला, दोन्ही गालांना गाल लावले आणि सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. घरात एरवी असते ती दारूची बाटली तिने या लोकांसाठी मुद्दाम आत ठेवून दिली होती, असं अमजदने सांगितलं. मी रजियाच्या हातातच राहिलो. ‘‘अम्मी, ते पिशवीत टाक ना,’’ नाझनीन पुटपुटली. रजियाने टाकलं नाही. बसली ती मला मांडीवर घेऊन, टेबलाखाली दोन्ही मुठींत आवळून. त्यामुळे ही सगळी मेजवानी मी ऐकलीच फक्त, आणि रजियाच्या बोटांवरून ओळखली; बाकीचं नंतर घरातल्या बोलण्यातून कळलं.

‘‘अम्मी, हात वर,’’ पहिलीच तंबी. एक मूठ सुटली, दुसरी राहिली.

आधी पावाचे भाजलेले तुकडे आणि ऑलिव्ह. मग आली स्पॅगेटी, टोमॅटो आणि ट्यूना माशाच्या रश्शातली. रजियाने फोर्क उचलला. मला घाम फुटला असता तर फुटला असता. फिरवला, उचलला, तोंडात गेला! एक शेवई खाली पडली नाही. मी मनात म्हटलं, शाब्बास! सावेडीतले हाल सार्थकी लागले.

इतक्यात इब्राहिमचा आवाज, ‘‘अमजद, जरा चीज दे म्हणावं इकडे.’’

‘‘अब्बा!’’ नाझनीन दबक्या आवाजात ओरडली. शिकवलेलं सगळं पाण्यात! क्लेलिया मात्र खो-खो हसत सुटली. रजियाने टेबलाखालून नवऱ्याला लाथ मारली, ती मी पाहिली.

मग क्लेलियाने विचारलं, आणखी वाढू? आता नगरच्या बाईला आणखी वाढू विचारलं तर ती काय म्हणणार? पहिल्या वेळेला नको म्हणणं म्हणजे घरच्या बाईचा अपमान. रजियाने ताट पुढे केलं. पुन्हा वाढलं, तेही संपवलं, कारण ताटात टाकायचं नाही. शेवटचा घास गिळून तिने सुटकेचा श्वास सोडला. माझ्यावरची मूठसुद्धा सैल झाली.

आणि क्लेलियाने ओव्हन उघडला. अख्खा भाजलेला मासा, भलामोठा. पाठोपाठ बटाटे.

‘‘हे काय?’’ रजिया.

‘‘अम्मी, आता मुख्य जेवण. स्पॅगेटी तर पहिली फेरी असते. यानंतर सॅलड, मग फळं, मग गोड.’’

हद्द झाली! माझ्यावर जेवायला बसलं की रोटी, सालन, भात सगळं एकदम समोर असतं. माणूस बघतो आणि पोटाचा हिशेब ठरवतो. इथे एकेक वस्तू लपवून ठेवतात आणि पोट भरल्यावर बाहेर काढतात! आणि फोर्क किती अंशात धरायचा हे महिनाभर शिकवणाऱ्या या पोरीने एवढी एक गोष्ट सांगू नये?

‘‘निदान थोडा तरी घे, अम्मी. तिने सकाळपासून केलंय.’’

रजियाची मूठ पुन्हा आवळली. पोटात जागा नाही, नाही म्हणायची हिंमत नाही. ‘‘मला वाटलं जेवण झालं गं,’’ ती हळूच म्हणाली, आणि टपकन एक थेंब माझ्यावर पडला. ‘‘तुझ्या सगळ्या रीती पाळल्या मी. मला वाटलं, जमलं मला.’’

नाझनीनला आईचा चेहरा बघून कळलं असावं काय झालं ते. ‘‘अम्मी, मी इथे आले तेव्हा स्पॅगेटी सुरीने कापली होती. पार्टीत सगळे बघत राहिले. तुझ्याकडे कुणी तसं बघू नये म्हणून शिकवत होते मी.’’

तेवढ्यात अरफा क्लेलियाच्या मांडीवरून ‘मासा, मासा’ करू लागली. क्लेलिया तिला देणार, तोच रजिया ओरडली, ‘‘थांबा! त्यात काटे आहेत!’’

मराठीतच ओरडली ती. आणि माझ्यावरची दुसरी मूठ सुटली. फोर्क बाजूला, दोन्ही हात माशात. बोटांनी पाठीचा काटा उपटला, मग बारीक काटे, मग अंगठ्याने प्रत्येक तुकडा दाबून पाहिला. त्या बोटांना काटा चुकत नाही हो. भंडारदऱ्याच्या धरणातल्या माशांचे काटे काढून काढून नाझनीनला भरवलंय तिने. बटाटा कुस्करून मासा त्यात मिसळला, गोळी केली आणि हात पुढे केला.

नाझनीनसुद्धा फोर्कचं नाव काढेना.

पोरीने आ केला. एक घास गेला. मग क्लेलियाच्या मांडीवरून उतरली आणि टेबलाखालून, माझ्या अंगावर पाय देत, रजियाच्या मांडीवर चढली. मी खाली घसरलो. वरून क्लेलिया काहीतरी बोलली आणि ताट सरकवल्याचा आवाज आला.

‘‘ती म्हणते,’’ अमजद हसत सांगत होता, ‘‘मला हल्ली नीट दिसत नाही, काट्यांच्या भीतीने मी मासा खाणंच सोडलं होतं. आज पाहुण्यांसाठी केला. माझाही काढून दे.’’

रजियाने काढून दिला. अरफाचं तोंड तेलाने माखलं, तर तिने मला खालून ओढलं आणि माझ्या कोपऱ्याने पुसलं. माझ्यावर तोंड पुसलं! सासूने पाहिलं असतं तर हाहाकार झाला असता. मी मात्र मनातल्या मनात दुसराही कोपरा पुढे केला.

रजिया आणि इब्राहिम सावेडीला परत गेली. जाताना नाझनीननेच मला ठेवून घेतलं. आता रविवारी मी मोदेनात फरशीवर असतो. क्लेलिया गुडघे धरून, कण्हत कण्हत माझ्यावर बसते. मासा येतो. नाझनीन काटे काढते, पण एखादा राहतोच. मग अरफा तोंड घट्ट मिटून घेते आणि दाराकडे बोट दाखवून म्हणते, ‘‘नानी.’’

रजिया, ऐकतेस ना? ते टेबल आवरत बसू नकोस, शेवया उकडत बसू नकोस. आधी व्हिसाचं बघ. पोरगी उपाशी उठते गं.