गोरोबाची काठी

तात्यारावांनी उभ्या जन्मात कुणाशी भांडण केलं नव्हतं, आणि त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही, असं त्यांच्या बायकोचं, चांगुणाबाईचं, ठाम मत होतं. सारी हयात एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. गाडीत लोक एकमेकांच्या उरावर बसले तरी हा आपला "जाऊ द्या, जाऊ द्या" म्हणत पुढं सरकायचा. अशा माणसानं म्हातारपणी पोटच्या पोराशी वाद घातला, तोही एका काठीपायी.

काठी त्यांच्या वडिलांची, गोरोबाची. ईट गावाच्या अलीकडच्या एका खेड्यात गोरोबा येसकर होता. वेशीवर राखण करायची, मयताचा सांगावा ऊनपाऊस न बघता परगावी पोचवायचा आणि दिवेलागणीला दारोदार उभं राहून भाकर मागायची, हे येसकराचं काम. काठीला घुंगरं असायची. ती वाजली की गावाला कळायचं, महार आला. मग बाया अंग चोरून बाजूला व्हायच्या आणि भाकर वरूनच टाकायच्या.

धम्म घेतला त्या साली गोरोबानं हे काम सोडलं. भाषण नाही, आरडाओरड नाही. दारात बसून खुरप्याच्या टोकानं त्यानं एकेक घुंगरू उपटलं, ओंजळभर घुंगरं शेजाऱ्याच्या बैलाच्या गळ्यात बांधली आणि म्हणाला, "ह्याला शोभत्यात." लहानगा तात्या जवळ बसून बघत होता. त्या रात्री घरात मागून आणलेली भाकर नव्हती. आईनं कण्या शिजवल्या. पुढं गावानं पाणी तोडलं, रोजगार तोडला, पण गोरोबा वाकला नाही. बाप असावा तर असा. काठीला भोकं तेवढी राहिली.

आता गावातल्या शाळेत जुन्या वस्तूंचं दालन व्हायचं होतं. ते मनावर घेतलं तिथल्या शिक्षिका प्रमोदिनी मॅडमनी. ह्या बाईला मानलं पाहिजे. तुळजापूरच्या शिक्षकाच्या घरातली, पण धूळ-कोळिष्टकांची तमा न बाळगता जुनी माळवदाची घरं धुंडाळून तिनं मोट आणली, जातं आणलं, धान्य मोजायची पायली-अधोली आणली. हिंडत हिंडत ती तात्यारावांच्या दारी आली आणि काठी मागितली.

हे कळताच धाराशिवला कचेरीत असलेला त्यांचा मुलगा नागसेन फोनवर भडकला. म्हणाला, "जाळून टाका, आबा. आपली लाज कशाला गावासमोर टांगायची?" चांगुणाबाईंना वाटलं, आता नवरा म्हणणार, जाऊ दे.

पण तात्याराव म्हणाले, "लाज आपली न्हाय, नागसेन. ज्यांनी मागाय लावलं त्यांची हाय. ती भोकं बघू दे गावाला. माझ्या बापानं काय केलं ते कळू दे."

मग, उद्घाटनाला येतो आणि कशी मांडलीय ते स्वतः बघतो, असं सांगून नागसेननं फोन ठेवला. त्या बोलण्यात धमकीच जास्त होती. तरी तात्यारावांनी काठी मॅडमना दिली.

उद्घाटनाच्या दिवशी नवरा-बायको लवकर शाळेत पोचले. तात्याराव दालनाच्या दारात आले आणि आतून छुमछुम आवाज आला. त्यांचे पाय जागीच थांबले. लहानपणी बाप अंधारातून भाकर घेऊन यायचा, तेव्हाचा तो आवाज.

मॅडम काठी हातात घेऊन हसत सामोऱ्या आल्या. त्यांनी ती घासूनपुसून जवसाचं तेल पाजलं होतं आणि तुळजापूरहून पितळी घुंगरं आणून भोकाभोकात तारेनं घट्ट बसवली होती. मोटेला नवा नाडा, जात्याला नवा खुंटा, तशी काठीला घुंगरं. मोडकं असेल ते नीट करून मांडायचं, हा बाईंचा नियम.

"बघा तात्या," त्या म्हणाल्या, "अगदी पहिल्यासारखी केली."

पोराशी भांडून दिलेली काठी, आणि तिच्यावरून बापाचं कर्तृत्वच पुसून गेलेलं! तेवढ्यात फाटकाशी नागसेनची मोटारसायकल थांबली.

"बाई, ती मोडली नव्हती," तात्याराव कसंबसं बोलले. "माझ्या बापानं सोडवली होती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खुरपं, बैल, कण्या, तोडलेलं पाणी. काठी देताना ह्यातलं अक्षरही त्यांनी सांगितलं नव्हतं, "वडिलांची हाय" एवढंच म्हणाले होते. चांगुणाबाईंनी कपाळाला हात लावला आणि, ह्यांच्या तोंडातनं शब्द काढायचा म्हणजे दगडातनं पाणी काढायचं, असं मॅडमना ऐकवलं.

मॅडमचा चेहरा उतरला. पण मला कुठं माहीत होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी शिपायाला हाक मारून पक्कड मागवली. सरपंच घाईला आलेले. पाहुणे फितीपाशी खोळंबलेत, घुंगरं दिसतातही झकास, राहिलं काम उद्या करता येईल, असं त्यांचं म्हणणं. तात्यारावांच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणालेसुद्धा, "जाऊ द्या तात्या."

"न्हाय जाऊ देणार," तात्याराव म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, पाहुणे थांबतील, आणि पक्कड त्यांनी तात्यारावांच्या हातात दिली.

तात्याराव तिथंच फरशीवर बसले. तार घट्ट होती, पक्कड निसटत होती, काठी फिरत होती. बाहेर लोक खिडकीशी जमले. नागसेन आत आला, घुंगरं बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग बापाचे हात त्याला दिसले. तो इस्त्रीच्या कपड्यांनिशी खाली बसला आणि त्यानं काठी दोन्ही हातांनी धरून ठेवली. शेवटचं घुंगरू राहिलं तेव्हा तात्यारावांनी पक्कड त्याच्यापुढं केली.

"हे तू काढ."

नागसेननं ते काढलं. भोकावरून एकदा अंगठा फिरवला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्यानं लपवलेही नाहीत.

भिंतीवरच्या पाटीवर काय लिहू, असं मॅडमनी विचारलं. तात्याराव बोलायच्या आधी नागसेनच म्हणाला, "लिहा, ह्या काठीची घुंगरं गोरोबानं स्वतःच्या हातानं काढली. आणि का काढली, तेही लिहा."

मॅडमनी तिथंच बसून सगळं लिहून काढलं. मग नागसेननं काठी उचलून खांद्यावर घेतली आणि साऱ्या गावाच्या देखत चालत जाऊन ती भिंतीवर लावली. काठी वाजली नाही.