अमावास्येची सुई

दुसऱ्यांच्या भिंती आरशासारख्या गुळगुळीत करून देणाऱ्या पिराजी मिस्त्रींच्या स्वतःच्या घराला अजून गिलावा व्हायचा होता. फुलेवाडीतल्या त्या उघड्या विटांच्या घरात १९९७ सालच्या श्रावणात, आषाढी अमावास्येनंतरच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, त्यांचा धाकटा भाऊ अमरसिंह परसातल्या भिंतीकडे तोंड करून उभा होता.

उभा होता म्हणावे, तर त्याचे पाय थांबत नव्हते. डावा, उजवा, डावा, उजवा. जागच्या जागी चाललेली ती चाल एखाद्या अदृश्य रस्त्यावरून जात असावी. कमरेवरचे शरीर मात्र लाकडासारखे ताठ. हात अंगाला चिकटलेले, ओठांच्या कोपऱ्यातून लाळेची बारीक धार, आणि चेहऱ्यावर राग नाही, दुःख नाही, काहीच नाही. ओल्या गिलाव्यावर डोळे-नाक काढून ठेवावेत तसा तो चेहरा. पिराजीने खांद्यावर हात ठेवताच अमरची मान हळूहळू मागे कलली आणि डोळ्यांची बुबुळे वर सरकली. वर, आणखी वर. अखेर खाली नुसते पांढरे उरले.

"बघ, बघ!" मागून त्यांची आई धोंडुबाई कुजबुजल्या. "पुन्हा वर बघाय लागला. गुंडू पडला तवा ह्यो खालीच हुता न्हवं? तवा जसं बघिटलं, तसंच बघतोय लेकरू माझं."

पिराजीने चटकन मागे पाहिले. हे नाव त्या घरात कोणी सहसा घेत नसे.

कोल्हापूरच्या गवंड्यांचा नियम आहे की अमावास्येला थापी हातात धरायची नाही. चार वर्षांपूर्वी एका घरमालकाच्या घाईपायी पिराजीने तो नियम मोडला. त्याच दिवशी त्याच्या हाताखालचा गुंडू तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून, म्हणजे कामासाठी बांधलेल्या बांबूंच्या माचीवरून, निसटला आणि जागीच गेला. अमर तेव्हा दादाचा डबा घेऊन आला होता. पुढच्याच वर्षी अमरला कानांत आवाज ऐकू येऊ लागले, लोक आपल्या विरुद्ध कट करतात असे वाटू लागले, आणि उद्यमनगरातली त्याची फिटरची नोकरी सुटली. शहरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया हे नाव सांगितले. गोळ्या तो थुंकून टाकी, म्हणून दर चार आठवड्यांनी एक इंजेक्शन ठरले. सुईतले औषध तेलातून स्नायूत जाते आणि महिनाभर थोडे थोडे रक्तात उतरत राहते. दोन वर्षे ते चालू होते. आवाज थांबले होते. पण हे दुसरे सुरू झाले होते, आणि ते नेमके अमावास्या उलटली की येई. एकही अमावास्या चुकत नसे.

वाचकहो, आपल्यापैकी किती जणांनी अशा घरात बसून पंचांग चाळले नसते?

शालूबाई, पिराजीची पत्नी, तेवढी एकदा म्हणाली, "अहो, दवाखान्यात एकदा इचारून तर बघूया की."

"काय इचारणार? आमच्या घरात मेलेला माणूस चालाय लागलाय म्हणून?" पिराजीने तिला गप्प केले. आपल्या हातून घडलेल्या चुकीचे माप आपल्या भावाच्या पदरात पडते आहे, ही त्याची मनोमन खात्री झाली होती. अपराधी माणसाला शिक्षा हवीच असते, आणि ती मिळाली की तो पुरावा मागत नाही.

शाहूवाडीकडचे, अंगातले भूत उतरवणारे बाळासो देवरशी आले. त्यांनी अमरच्या डोळ्यांसमोर लिंबू फिरवले आणि विचारले, "कोण हाईस? नाव सांग!" अमरचे ओठ थरथरले. धोंडुबाईंनी न राहवून विचारले, "गुंडू हाय काय रं?" आणि त्या चेहऱ्यातून, ओठ जेमतेम हलत, सपाट आवाजात उत्तर आले, "व्हय."



"सुई बंद करा," बाळासोंनी निकाल दिला. "अंगात लोखंड शिरलं की बाहेरचं घट्ट धरून बसतंय. सुई थांबली की ते आपसूक जाईल."

श्रावणाची अमावास्या गेली, भाद्रपदाची गेली. सुई टोचली नाही. आणि काय आश्चर्य! अमरचे पाय थांबले. लाळ थांबली. चेहऱ्यावर माणूस परत आला. एकदा तर भाकरी थापणाऱ्या शालूबाईला तो म्हणाला, "वैनी, मिरची लई झालीया, पण थांबू नका, वाढा." सगळे घर हसले. धोंडुबाईंनी गल्लीत पेढे वाटले. बाळासोंचे नाव चार गल्ल्यांत झाले.

देवरशाचे भाकीत खरे ठरले होते. अर्धसत्याची भीती हीच, की ते अर्धे खरे असते.

अश्विनाची अमावास्याही सरली. कार्तिकात सानेगुरुजी वसाहतीतल्या एका तीन मजली इमारतीचे काम चालू होते. बरा झाल्यापासून अमरच दादाचा डबा आणून देई. दुपारची सुट्टी झाली, गडी सावलीला भाकरी सोडून बसले. ऊन लख्ख होते, वारा पडलेला होता, आणि त्या स्तब्धतेत पिराजीला वरून कोणीतरी बोलत असल्याचा आवाज आला. हळू, समजुतीच्या सुरात, मधूनमधून उत्तराची वाट पाहत.

त्याने वर पाहिले. तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर, अगदी टोकाला, अमर उभा होता. या खेपेस त्याचे पाय स्थिर होते, चेहरा जिवंत होता, डोळे समोरच्या मोकळ्या हवेत कोणाला तरी पाहत होते. तेच अधिक भयंकर होते!

पिराजी शिडीने वर गेला. आयुष्यभर परांचीवर वावरलेला तो माणूस पहिल्यांदाच प्रत्येक पायरी घट्ट धरून चढत होता.

"अमर, कुणाशी बोलतोस रं?"

"गुंडूशी." अमरने मागे न पाहता सांगितले. "पडलो न्हाय म्हणतोय त्यो, दादा. हितनं खाली जिना हाय, तुम्हास्नी दिसत न्हाय म्हणतोय."

"मला दाखव की. पण हात धर आदी. मला उंचीचं भ्या वाटाय लागलंया."

"तुला?" अमर वळला. त्याला ते खरेच नवल वाटले. "तुला भ्या वाटतंया, दादा?"

"लई."

अमरने हात पुढे केला, थोरल्या भावाला सावरण्यासाठी. पिराजीने तो धरला आणि खाली जमिनीवर येईपर्यंत सोडला नाही. भावाला वाचवले ते कोणत्या मंत्राने नव्हे; आपल्याला भीती वाटते, एवढे एक खरे वाक्य पिराजीने तेव्हा उच्चारले होते.

तिथूनच रिक्षाने त्यांनी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी अमरला दाखल करून घेतले. नवव्या दिवशी, तो जरा निवळल्यावर, अक्काताई सिस्टरने पिराजीला बाकावर बसवले. गडहिंग्लजच्या पलीकडची, सीमेवरची बाई; बावीस वर्षे हाच वॉर्ड पाहत आलेली, आणि जिभेला लगाम नसलेली.

"काय हो मिस्त्री, तीन सुया चुकवलासा. भिंत बांधताना मधले तीन थर वगळतासा काय?"

पिराजीने मान खाली घालून सारे सांगितले. गुंडू, अमावास्या, वर चढणारे डोळे, देवरशी. अक्काताई हसली नाही. तिने कपाटातून एक जाड रजिस्टर आणले आणि भिंतीवरचे कॅलेंडर काढून त्याच्या शेजारी ठेवले.

"तुमच्या भावाला सुई दिलेल्या तारखा ह्या. मी वाचते, तुम्ही कॅलेंडर बघा. सात एप्रिल..."

"अमावास्या."

"सहा मे."

"अमावास्या." पिराजीचा आवाज बारीक झाला. "व्हय की सिस्टर. आमास्नी सुट्टी तवाच. गवंड्याला दुसरी सुट्टी कुठली? म्हणून त्याच दिवशी आणतो."

"आणि भूत कधी येतं म्हणालासा?"

"दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी."

"मग मला सांगा, ते भूत पंचांग बघून येतं, का माझी सुई बघून?"

पिराजीने पुन्हा कॅलेंडर पाहिले. पण तो कारागीर होता. ओळंबा लावल्याशिवाय भिंत सरळ मानायची त्याला सवय नव्हती. "पण सुई बंद केली आणि भूत गेलं, हे तर खरं की न्हाय?"

"खरंच की! सुई थांबली, सुईचा त्रास थांबला. ह्या औषधानं काही माणसांचं अंग ताठतं, चेहरा दगड होतो, डोळे वर चढतात, पायांना बसवत न्हाय. टोचल्यावर पहिले काही दिवस जास्त. त्याला भूत म्हणत न्हाईत, दुष्परिणाम म्हणतात. आणि सुई थांबल्यावर आजार काय करतो, ते तुम्ही परांचीवर बघून आलासा. त्रास गेला तो सुईचा, आला तो आजार. तुम्ही दोघांना एकच नाव दिलंसा." ती थांबली. "सुईबरोबर एक बारीक पांढरी गोळी दिली होती, ती?"

"आईनं बंद केली. सुई असताना गोळी कशाला, उष्ण पडतंय म्हणाली."

"अय्यो शिवा! तीच तर ताठरपणावरची गोळी होती." मग तिचा आवाज उतरला. "सगळा दोष तुमच्यावर टाकत न्हाय. चूक आमची बी हाय. बाहेर रांग लागलेली. टोचलं, पुढचा या म्हणलं. त्रास काय होतोय, हे दोन वर्षांत मी एकदाबी इचारलं न्हाय. आणि तुम्हीबी न्हाय. इचारलं फक्त देवरशानं, आणि त्यानं काय इचारलं? कोण हाईस म्हणून!"

पिराजी उठला आणि खाटेजवळ गेला. दोन वर्षांत जे केले नव्हते ते त्याने केले. "अमर, सुई घेतल्यावर तुला काय हुत हुतं रं?"



"मी सांगिटलंतं की, दादा. हाडाच्या आत कुणीतरी चालतंय म्हणलो. बसलं की जास्त चालतंय, म्हणून उभा राहायचो. तर तुम्ही सगळी इचारायला लागलासा, कोण चालतंय, नाव सांग. मला नाव ठाऊक न्हवतं." त्याने दादाकडे पाहिले. "आईनं गुंडूचं नाव घेतलं. मग मी व्हय म्हणलो. म्हणलं, आता तरी कुणी कायतरी करतील."

अरेरे! त्या घरात खरोखरच एक जण मदतीसाठी हाका मारीत होता, आणि सारे घर त्याच्या तोंडून मेलेल्याचा आवाज ऐकण्यासाठी कान लावून बसले होते!

पिराजीने भावाचे डोके पोटाशी धरले, आणि त्या वॉर्डात सर्वांदेखत तो मोठ्याने रडला.

डॉक्टरांनी मात्रा कमी केली, पांढरी गोळी पुन्हा लिहून दिली, आणि अक्काताईने अट घातली, "पुढची सुई अमावास्येला न्हाय. उजळ पंधरवड्यात आणायचं. तुमचं भूत तुम्हीच तपासा." मार्गशीर्षातल्या एका बुधवारी पिराजीने चालू कामावर खाडा केला. मालक ओरडला. "भावाला दवाखान्यात न्यायचंय," पिराजी म्हणाला. कोणता दवाखाना, हेही त्याने न लपवता सांगितले.

शुक्रवारी परसात स्वच्छ ऊन पडले होते. अमर जेवताजेवता थांबला. मान मागे कलू लागली. बुबुळे वर सरकू लागली. धोंडुबाईंच्या हातातले ताट पडले. त्या देवरशाने दिलेल्या अंगाऱ्याकडे धावल्या. पिराजीलाही क्षणभर त्या भिंतीशी कोणीतरी उभे असल्याचा भास झाला. पण त्याने खिशातून गोळी काढली, शालूबाईने पाणी दिले, आणि दोघे अमरच्या दोन्ही बाजूंना बसले.

"काय हुतंय, अमर?"

"मान... ओढतीया. डोळं खाली येईनात."

"येतील. गोळी घेतलीस. आम्ही हितंच हाय."

अर्धा तास झाला. पाऊण झाला. आणि मग, वर गेलेली बुबुळे हळूहळू उतरली, आणि अमरने समोर पाहिले. मेलेल्या गुंडूकडे नव्हे, आपल्या आईकडे.

"आई," तो म्हणाला, "आमटी गार झाली न्हवं."

धोंडुबाई मटकन खाली बसल्या. उजळ पंधरवड्यात, भर उन्हात भूत आले होते आणि हरभऱ्याएवढ्या गोळीने गेले होते! त्यांनी अंगाऱ्याची पुडी चुलीत टाकली नाही, कारण पन्नास वर्षांची श्रद्धा एका दुपारी जळत नाही. पण त्यांनी ती बाजूला ठेवली आणि आमटी पुन्हा चुलीवर चढवली.

पिराजीने तो प्रसंग दवाखान्यात जाऊन सांगितला. मात्रा पुन्हा थोडी उतरली, पायांच्या चाळ्यासाठी दुसरी गोळी मिळाली. त्रास मुळीच राहिला नाही असे नव्हे. हात अधूनमधून थरथरे, सकाळी अंग जड असे. पण आता तो त्रास सांगता येत होता, ऐकला जात होता, आणि म्हणून सोसता येत होता. पुढल्या वैशाखात अमर उद्यमनगरात पुन्हा कामाला लागला, पूर्वीपेक्षा हलक्या कामाला, परंतु स्वतःच्या पायांनी जाऊ-येऊ लागला.

बंधुभगिनींनो, सुई वाईट नाही, आणि सुईचा त्रास खोटा नाही. औषध चालू ठेवणे हे जितके कर्तव्य, तितकेच त्याचे दुष्परिणाम डॉक्टरांच्या कानी घालणे हेही कर्तव्य. आणि मनाने औषध तोडणे हा उपचार नव्हे, तो कड्याकडे जाणारा जिना आहे. आपल्या घरात कोणाचा चेहरा उद्या दगडासारखा झाला, पाय थांबेनासे झाले, तर त्याला "तू कोण?" असे विचारू नका. तो कोण आहे, हे तुम्हाला जन्मापासून ठाऊक आहे. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, "तुला काय होतंय?" आणि मग, उत्तर मिळेपर्यंत, उठू नका.