पुढच्या वर्षीची कयाक

बोलेट सत्तेचाळीस वर्षांची होती, कोळंबीच्या कारखान्यात एका पाळीची मुकादम होती, तिला नवरा होता आणि शिवाय एक बायकोही होती. बायकोचं वय चौऱ्याऐंशी.

त्याचं असं झालं, की मनीत्सोक या बर्फाळ किनाऱ्यावरच्या गावातला इनुतेक नावाचा शिकारी छातीच्या दुखण्याने गेला आणि दोनच महिन्यांनी बोलेट जन्मली. गेलेल्याचं नाव बाळाला दिलं की तो माणूस घरी परतला, असं तिथे मानतात. बाळ मुलगा आहे की मुलगी, याच्याशी नावाला काही देणंघेणं नसतं. बोलेटला इनुतेकचं नाव मिळालं, आणि इनुतेकची बायको युस्टिना तिला मांडीवर घेऊन म्हणाली, "अहो, आलात?" तेव्हापासून ती बोलेटला अहो-जाहोच करत आली. बोलेट चार वर्षांची असताना दारात उभी राहून "अगं, बिस्किट दे" म्हणायची आणि युस्टिना मुकाट्याने डबा काढायची. पुढे बोलेटचं सेवेरिनशी लग्न झालं, तेव्हा युस्टिनाने त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, की माझ्या नवऱ्याला नीट सांभाळ. सेवेरिन बिचारा अजून सांभाळत होता.

नावाबरोबर जबाबदारीही येते. इनुतेकच्या पलट्यांच्या गोष्टी गावात अजून सांगतात. कयाक म्हणजे लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेली एकट्याची होडी; तिच्यासकट पाण्यात उलटं व्हायचं आणि दुसऱ्या बाजूने वर यायचं, कधी वल्ह्याने, कधी नुसत्या हाताने, कधी कोपराने. असं नाव लावणारीने कोरडं राहून कसं चालेल? बोलेट बाराव्या वर्षी शिकली आणि चांगली शिकली. पण दर जुलैच्या स्पर्धेत एक पलटी तिला हुलकावणी देत होती, ती धोंड्याची. आठ किलोचा धोंडा हातात धरायचा, वल्हं न घेता एका बाजूने पाण्याखाली जायचं आणि धोंड्यासकट दुसऱ्या बाजूने वर यायचं. गेल्या वर्षी बोलेट वर आली, धोंडा तळाला राहिला. युस्टिना किनाऱ्यावर घडीच्या खुर्चीत बसून बघत होती. नंतर ती खुर्चीची घडी घालून एकटीच पुढे घरी निघून गेली, आणि ते बोलेटला वर्षभर माशाच्या काट्यासारखं टोचत राहिलं. यंदा काहीही करून धोंडा वर आणायचा, असं तिने ठरवलं होतं.

कयाक बांधणारा तित्तुस म्हणाला, दोष तुझ्यात नाही, स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या कयाकीत आहे. ती सगळ्यांसाठी बांधलेली, म्हणजे कुणाचीच नाही. कमरेला दोन्हीकडे ढिली, मागचा भाग उंच, पाठ टेकून निजता येत नाही. उलटं झाल्यावर बाई कयाकीत एकीकडे आणि कयाक दुसरीकडे. "डोळ्यांनी कयाक निवडणारा बुडतो," तित्तुस म्हणाला. "गुडघ्यांना आणि ढुंगणाला विचारायचं. आज हो म्हण, बारा दिवसांत तुझ्या मापाची देतो."

बोलेट हो म्हणणारच होती. पण त्याच संध्याकाळी युस्टिनाने बोलावणं धाडलं. घरामागच्या छपरीत इनुतेकची कयाक सत्तेचाळीस वर्षं टांगलेली होती, हे सगळ्यांनाच माहीत होतं. आता ती खाली उतरवून अंगणात ठेवली होती, आणि तिच्यावर नवंकोरं कापड ताणून शिवलेलं होतं. टाके इतके बारीक की पाण्याच्या थेंबालाही वाट विचारावी लागली असती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बोटांनी आठ दिवस खपून ते घातले होते.

"स्वतःची कयाक असताना दुसऱ्यांच्या कयाकीत कशाला बसता?" युस्टिना म्हणाली.

बोलेटने कयाकीच्या तोंडाकडे बघितलं, मग स्वतःकडे बघितलं. गावातल्या गोष्टींमधला इनुतेक वाळल्या माशासारखा सडपातळ होता. बोलेट सडपातळ नव्हती. पण तिच्या मनात आलं, मी इनुतेक आहे ना? मग त्याची कयाक मला का होणार नाही? सेवेरिनलाही तसंच वाटलं. एरवी लाकडाच्या रुंदीचा बोटभर फरक नजरेने सांगणारा तित्तुससुद्धा डोकं खाजवत म्हणाला, त्याचीच आहे म्हणजे होईल. माप घ्यायचं कुणालाच सुचलं नाही.

शनिवारी खाडीवर गेले. बोलेटने जाड लोकरी पँट घातली होती, कारण पाणी जुलैतही बर्फाचंच. सेवेरिनने खांदे दाबले, तित्तुसने पाय आत ओढले, आणि बोलेटने पोट आत घेऊन देवाचं नाव घेतलं. ती आत गेली. मांड्यांवरची आडवी लाकडी कमान इतकी घट्ट बसली की कयाक आणि बाई एकजीव झाल्या. पहिल्या तीन पलट्या अशा देखण्या झाल्या की तित्तुसने टोपी काढली. चौथ्या वेळी तिने धोंडा घेतला. पण तोवर कमरेखाली पायांना मुंग्या आल्या होत्या, मग मुंग्याही गेल्या, आणि पाय आहेत की नाहीत तेच कळेना. पाण्याखाली जोर लावायला गेली तर लावायला काही नव्हतंच. धोंडा सुटला. कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्या सेवेरिनने तिला सरळ केलं.

मग बाहेर येण्याची वेळ झाली आणि ती येईना. लोकर भिजून फुगली होती. सेवेरिनने काखेत हात घालून ओढलं तर कयाकही आली. तित्तुसने कयाक धरून ठेवली तर सेवेरिनच पाण्यात बसला. शेवटी दोघांनी दोन टोकं खांद्यावर घेतली आणि बोलेटला कयाकीसकट चढणीवरून गावात आणलं. शनिवारची दुपार, सगळा गाव दारात. लपायला जागा नव्हती, म्हणून बोलेट दोन्हीकडे हात हलवत गेली. कारखान्यातल्या मुलींनी विचारलं, मुकादम, सोमवारी अशाच येणार का? तिने सांगितलं, येईन, पण कोळंबीच्या सरकत्या पट्ट्याजवळ जागा करून ठेवा.

युस्टिनाच्या अंगणातल्या गवतावर कयाक टेकवली. पाहुणा दारात आला की कॉफी टाकायची, मग तो कयाकीत बसलेला का असेना. युस्टिनाने कॉफी टाकली, केक कापला, देवमाशाच्या कातडीचे तुकडे केले. शेजारी आपापले कप घेऊन आले. अर्ध्या तासात तिथे वाढदिवसाची गर्दी झाली. मधोमध बोलेट बसलेली, हातात कप, मांडीच्या जागी कयाक. सगळे हसत होते, तीही हसत होती, पण युस्टिनाने केकचा दुसरा तुकडा पुढे केला तेव्हा तिला एकदम रडू आलं.

"अगं, मला ही होत नाही," ती म्हणाली. "बघताक्षणी कळलं होतं. तुझे टाके बघून सांगवलं नाही गं."

युस्टिनाने तिच्याकडे, मग कयाकीकडे बघितलं. मग ती आत गेली आणि कातडी सोलायची आपली अर्धगोल सुरी घेऊन आली. गुडघ्यावर बसायला तिला बराच वेळ लागला. बसल्यावर मात्र तिने आपल्या हाताने घातलेली शिवण एका दमात उसवली. तित्तुस नको नको म्हणत राहिला आणि ती उसवत राहिली.

"तुम्हाला तेव्हाही ही होत नव्हती," ती बोलेटला म्हणाली. "लग्नानंतर माझ्या हातचं खाऊन सुटला होतात. याच कयाकीतून धोंडा पाडलात, घरी आलात, ती छपरीत टांगलीत. म्हणालात, पुढच्या वर्षी नवी बांधतो, मग बघ. आणि हिवाळ्यात गेलात." ती शेवटचा दोरा ओढत थांबली. "मी त्या पुढच्या वर्षाची वाट बघतेय. मला वाटलं, तुमच्या लक्षात असेल."

बोलेटच्या लक्षात नव्हतं. सांगायची सोयही नव्हती. तिने युस्टिनाचा हात धरला आणि म्हणाली, "यंदा बांधू."

तित्तुसने कमानीच्या दोऱ्या सोडल्या आणि दोघांनी मिळून बोलेटला बाहेर काढलं. पायांत जीव येईपर्यंत तिला गवतावर निजवून तिथल्या तिथे मापं घेतली. स्पर्धेला तेरा दिवस होते, वेळ घालवून चालणार नव्हतं. लांबी म्हणजे तिच्या पसरलेल्या हातांच्या तीन वावा. रुंदी म्हणजे कंबर आणि दोन्ही बाजूंना तिची एकेक मूठ. पण गार पडलेल्या बोटांची मूठच वळेना. तेव्हा युस्टिना पुढे सरकली आणि तिने आपल्या दोन सुरकुतलेल्या मुठी बोलेटच्या कमरेला दोन्हीकडे लावल्या. तित्तुस म्हणाला, ही मूठ लहान आहे, कयाक अरुंद होईल. मग स्वतःशीच विचार करून म्हणाला, पलट्यांसाठी अरुंदच बरी. त्याने दोरीला गाठ मारली.

बारा दिवस तित्तुसच्या दुकानात दिवा विझला नाही, म्हणजे जुलैत तिथे रात्रीही उजेडच, दिव्याची गरजच नव्हती, पण तोही झोपला नाही. सेवेरिनने मासेमारी सोडून लाकूड तासलं. युस्टिनाने पुन्हा कापड शिवलं आणि मधूनमधून सेवेरिनला ओरडत राहिली, की लाकूड तासतोयस की कुरतडतोयस.

स्पर्धेच्या दिवशी रंग अजून हाताला लागत होता. बोलेट आत बसली. कमान मांड्यांना भिडली, पण चावली नाही. मागे वाकली तर पाठ अलगद टेकली. तिने धोंडा घेतला, खुर्चीत बसलेल्या युस्टिनाकडे एकदा बघितलं आणि उलटी झाली. खाली हिरवा अंधार होता, धोंडा खाली ओढत होता आणि गुडघे जागेवर होते. तिने गुडघ्यांना सांगितलं, कमरेला सांगितलं, हात पाण्यावरून मागे ओढला आणि पाठ कयाकीवर टेकवली. वर ऊन होतं. धोंडा छातीवर होता.

टाळ्या वाजल्या, पण ती थांबली नाही. किनाऱ्याला लागली, एका झटक्यात बाहेर आली, आणि धोंडा घेऊन निथळत थेट खुर्चीपाशी जाऊन तो युस्टिनाच्या मांडीवर ठेवला. पंच मागून आले. पुढचा स्पर्धक वाट बघतोय, धोंडा द्या, असं ते सभ्यपणे तीनदा म्हणाले. युस्टिना दोन्ही हातांनी धोंडा धरून बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"उशीर केलात," ती बोलेटला म्हणाली.

मग तिने डोळे पुसले आणि मान वळवली. "सेवेरिन, हा धोंडा घरी घेऊन चल. पंचांना दुसरा शोधून दे. माझा नवरा दमलाय."