पट्ट्याची मधली कडी

"बाबा, ह्या पट्ट्याची घंटी कुठे पडली?"

प्रश्न मंदाचा नव्हताच. तो कलावती आणि सरूचा होता. शाळेतून येताना दोघींनी तिला डिवचलं होतं, "जयंतीच्या कार्यक्रमात स्टेजवर माईक धरून मोठी बोललीस ना? मग बापाला हे विचारून दाखव!" आणि आता दोघी दाराबाहेर तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. आतून जरा आवाज चढला की मेल्या पळणार होत्या.

तसं बघितलं तर त्यांचं चुकलं नव्हतं. रामदास म्हणजे मंदाचे बाबा, भिवंडीतले व्हिडिओ शूटिंगवाले. त्यांचा कॅमेरा दोन तुकड्यांचा. एक तुकडा खांद्यावर धरायचा, त्याला जाडजूड वायर, आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला रेकॉर्डर. हा रेकॉर्डर भरल्या कळशीएवढा जड. त्याच्यासोबत आलेला नायलॉनचा पट्टा पहिल्याच सीझनला तुटला, तेव्हा बाबांनी पेटीतून एक जुना पट्टा काढला. जाड चामड्याचा, खांद्यावर येतो तिथे तळहातभर रुंद, आतून लाल लोकरी बनात लावलेली, दोन्ही टोकांना पितळी आकडे, लांबी कमी-जास्त करायला बकल. आणि मध्येच, काही कारण नसताना, एक पितळी कडी. बाबा पट्टा गळ्यात घालून रेकॉर्डर पोटावर घ्यायचे. मग ती कडी छातीशी लोंबायची. वरातीत ते असे चालायला लागले की पोळ्याला सजवलेला बैलच!

"घंटी?" बाबा म्हणाले. "आण की एखादी. वाजवत गेलो तर वऱ्हाडी कॅमेऱ्यासमोरून बाजूला तरी होतील."

दाराबाहेर फिस्सकन हसू फुटलं. मंदापण हसली. बाबापण हसले, हसता हसता त्यांनी चहाचा ग्लास उचलला आणि ग्लास बोटांतून निसटून खाली गेला. फुटला.

मंदाची आई शेवंता फडकं घेऊन आली आणि मुकाट काचा गोळा करायला लागली. बाबा आपल्या उजव्या हाताकडे असे बघत होते, जसा काही तो शेजाऱ्यांचा हात आहे आणि चुकून आपल्या घरात राहिलाय.

बाहेर कलावती आणि सरू केव्हाच पळाल्या होत्या.

मानेतली शीर दबली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वजन उचलणं बंद. पण येत्या रविवारी दिघाशीला पंढरीमामाच्या मुलीचं लग्न होतं. पंढरीमामा आईचा चुलतभाऊ. ऐन सीझन, बाकीचे सगळे शूटिंगवाले आधीच बुक.

"लग्न काय परत लागतं?" बाबा म्हणाले. "रविवार निभावला तर बघू. नाही निभावला तर सोमवारी कल्याणचा माणूस येतोच आहे कॅमेरा बघायला. देऊन टाकायचा. पूर्णेला गोडाऊनवर वॉचमन पाहिजेत, खुर्चीत बसायचं काम."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. खुर्चीत बसलेले बाबा तिला दिसेचनात. माळ घालताना नवरी लाजते ती नेमकी केव्हा, हे त्यांना आधीच कळायचं. असा माणूस गोडाऊनच्या फाटकाकडे बघत बसणार?

रात्री आई त्यांच्या मानेला तेल चोळत होती. मंदा पट्टा मांडीवर घेऊन बसली. आपण ह्याची टिंगल केली म्हणून तिला कसंतरीच होत होतं, आणि कसंतरी झालं की मंदाला गप्प बसता येत नसे.

"पण बाबा, ही कडी कशासाठी आहे?"

"माहीत न्हाय गं. लहानू उस्तादांचा पट्टा हाय तो. त्यांच्यामागं मी ट्रायपॉड घेऊन फिरायचो तेव्हा ते लाकडी पेटीचा कॅमेरा वापरायचे. उस्ताद वारले, तेव्हा त्यांच्या रंगूबाईंनी माझ्याकडे दिला. जरा वर चोळ, शेवंता. हां, तिथं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मंदा पट्टा घेऊन आधी राघोमामाकडे गेली. राघोमामा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. चामडं, नट, पट्टे यांतलं त्याला सगळं कळतं अशी त्याची स्वतःची खात्री होती. खटखटाटात तिला ओरडूनच बोलावं लागलं.

"मामा, हे काय आहे?"

राघोमामाने पट्टा उजेडात धरला, वास घेतला, वाकवला. त्याचे डोळे चमकले. "अगं, हा तर लूमचाच पट्टा! सूत घेऊन पळणाऱ्या धोट्याला फटका मारतो ना दांडा, त्याला बांधायचा. असला माल आता मिळतो कुठं? तीन तुकडे निघतील बघ." आणि त्याने खरंच सुरी काढली!

"मामा!" मंदाने पट्टा हिसकावला. "माझ्या बाबांचा कॅमेरा लटकतो ह्याला!"

"मग कॅमेऱ्याला सुतळी बांध. आधी एक दिला होता की रामदासने असाच. पट्टा तुटून लूम बंद, आणि शेठ म्हणतो आज खाडा धरीन. तुझ्या बापानं घरातनं आणून दिला. काय चालला म्हणून सांगू! देवमाणूस."

मंदा तोंड वाकडं करून निघाली. निघताना तिला दिसलं की मामाचा जेवणाचा डबा खिळ्याला एका पितळी आकड्याने लटकवलाय. छान आहे आकडा, एवढंच तिच्या मनात आलं. लक्षात काही आलं नाही. खटखटाटात माणसाचं डोकं निम्मंच चालतं.

शनिवारी अर्धी शाळा. मंदाने आईला सोबत यायला तयार केलं आणि दोघी रिक्षाने अंजूरला रंगूबाईंकडे गेल्या. रंगूबाई लहानू उस्तादांची बायको, आता थकलेली, पण पट्टा बघून तिने तो असा उचलून घेतला जसं काही कोणी लेकरू आणून दिलंय.

"अगो बाय, हा हाय अजून?" ती म्हणाली. "आणि ह्याची जोडी?"

"कसली जोडी, आजी?"

रंगूबाईने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. यात्रेतला फोटो होता. लहानू उस्ताद टोपी तिरकी करून उभे, पाठीमागे आकाशपाळणा. पट्टा गळ्यात नव्हता! डाव्या खांद्यावरून तिरका उतरून तो उजव्या कमरेवर आला होता, पेटी मागे कुल्ल्यावर टेकलेली, आणि कमरेला दुसरा रुंद पट्टा आवळलेला. त्या कमरपट्ट्याचा आकडा सरळ मधल्या कडीत अडकवला होता.

"खांद्यावर न्हाय घ्यायचे ते वजन," रंगूबाई म्हणाली. "कंबरंवर. पाण्याला जाणारी बाई हंडा कुठं घेती? तिथंच. हा फोटो तुझ्या बापानंच काढला, पोरी. तवा मिसरूड बी न्हवती फुटली त्याला."

मंदाला एकदम खिळ्यावरचा डबा दिसला. पितळी आकडा. 'आधी एक दिला होता की रामदासने असाच.'

तिने आईकडे बघितलं. आईला कळलं होतं. आई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. रागवायचं तरी कोणावर? राघोमामाचा खाडा वाचला होता. बाबांनी चांगलंच काम केलं होतं. आणि ज्याने बाबांची मान वाचली असती, तो पट्टा फटके खाऊन खाऊन कधीच झिजून गेला होता.

घरी आल्यावर मंदाने सगळं एका दमात सांगितलं.

"फोटो मी काढला," बाबा म्हणाले. "फोकस बघितला. पट्टा बघितलाच न्हाय."

राघोमामाला कळलं तेव्हा तो डबा हातात घेऊन आणि आकडा खिशात घालून धावतच आला. दारात उभा राहून "रामदास, अरे मला काय माहीत, अरे तू बोलायचंस तरी," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत राहिला. बाबांनी त्याला चहा पाजला. आईने कारखान्याच्या जाड कापडाच्या चार घड्या घालून कमरपट्टा शिवला, त्याला तो आकडा घट्ट टाचला. पट्टा तिरका, रेकॉर्डर मागे, आकडा कडीत. बाबा घरातल्या घरात दोन फेऱ्या मारून आले आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे! वजनच न्हाय!" मंदाने टाळ्या वाजवल्या. जिंकलो, असं तिला वाटलं. अगदी नक्की वाटलं.

रविवारी दिघाशीत मांडव भरला होता. पांढऱ्या साडीतली नवरी, समोर बुद्धमूर्ती, नवरीच्या मामांपैकी कोणीतरी हॅलोजनचा दिवा धरून उभं. वंदना सुरू झाली. रेकॉर्डर बाबांच्या कमरेवर असा बसला होता जणू तिथेच उगवलाय. पण दुसरा तुकडा, खुद्द कॅमेरा, तो तर खांद्यावर उजव्या हातानेच पेलायचा होता. पट्टा बरोबर होता. हातच राहिला नव्हता.

मंदाला आधी वायर थरथरताना दिसली. मग बाबांचं कोपर हळूहळू खाली यायला लागलं. त्यांनी डाव्या हाताने आधार दिला, तर फोकस फिरवायला हात उरला नाही. नवरीने हार उचलला. बाबांच्या कपाळावर घामाचे थेंब, ओठ दातांखाली. बाबांना कळत होतं की आता, आत्ताच ती लाजणार, आणि कॅमेरा खाली जमिनीकडे चालला होता.

"मंदे," ते एवढंच म्हणाले. इतक्या हळू की फक्त तिलाच ऐकू यावं.

तिने खालून दोन्ही हातांनी कॅमेरा धरला. तो तिच्या खांद्यावर आला, बाबा तिच्या पाठीशी चिकटून उभे राहिले, रेकॉर्डर त्यांच्या कमरेवर, वायर दोघांच्या मध्ये. "डावीकडे. थांब. थांब... आता." नवरी लाजली. मंदाचे हात इतके दुखले की तिला रडू आलं, आणि तिने डोळा काचेवरून काढला नाही.

मांडवात कोणीतरी म्हणालं, "रामदासची पोरगी काय जोरात हाय बघा!" बाबा हसले नाहीत.

संध्याकाळी घरी टीव्हीला जोडून कॅसेट लावली. आधीचा सगळा भाग डुगडुगत होता, माणसांची डोकी कापलेली. मग एक झटका, अर्धा क्षण मांडवातली सतरंजी, आणि नंतर नवरीचा चेहरा. तो जरा वाकडा आला होता, पण होता. बाबा ती सतरंजी आली की मान खाली घालत. कॅसेट मागे नेऊन परत लावली तरी तेच.

"उद्या तो कल्याणचा माणूस येईल," ते म्हणाले. "कपाट आवरून ठेव शेवंता. सगळं सामान एकत्र दे."

आईने डोळे टिपले. पट्टा खुंटीवर होता, खाली आईने शिवलेला कमरपट्टा. मंदा उठली, तिने दोन्ही खाली काढले. पट्टा तिने डाव्या खांद्यावरून तिरका घातला. तो गुडघ्यापर्यंत आला. बकल शेवटच्या भोकात घातलं तरी मांडीवरच.

"मंदे, काय चाललंय?"

"बाबा, तुमचा हात बरा होणार आहे का, मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज स्टेजवर होता तसा मुळीच नव्हता. "डॉक्टरांनापण माहीत नाही. पण त्या माणसाला उद्या येऊ नको म्हणून सांगा. कॅमेरा विकायचा नाही. शाळा सोडत नाही मी, आई, तू आधीच रडू नकोस. पण रविवारची लग्नं मी करणार. वजन मी घेणार आणि 'आता' तुम्ही म्हणायचं. आणि ह्या पट्ट्याला अजून तीन भोकं पाडून हवीत मला, आजच."