औषधाचा सदरा

"औषध कोणतं चालू आहे?" सिस्टरने विचारलं, तर जयमालेच्या आधी तिची सासू विमलबाईच बोलली.

"रक्ताच्या गोळ्या. मीच देतो तिले, माह्या हातानं."

मेहकरच्या दवाखान्यातल्या त्या बाकावर विमलबाईला बसवत नव्हतं. सुनेला तिसरा महिना लागला होता. आधीच्या दोन्ही खेपांची पोटं पाचव्या महिन्यात पडली होती, आणि दोन्ही वेळा ऐन फवारणीचे दिवस होते. म्हणून या खेपेला तिने सुनेला वावराचं तोंड पाहू दिलं नाही. दृष्ट काढली, जड उचलू दिलं नाही. आणखी काय करायचं राहिलं, या विचाराने तिचा जीव सारखा वरखाली होत होता.

"ते औषध नाही आजी," सिस्टर म्हणाली. "कपाशीवर मारतात ते."

"ते तिचा नवरा मारते. ही तर वावरात जातच नाही."

"आणि त्याचे कपडे कोण धुतं?"

"मीच," जयमाला म्हणाली. हलकं काम म्हणून नवऱ्याचे, गोकुळचे कपडे विमलबाईनेच तिच्याकडे दिले होते. सिस्टर म्हणाली, दोन्ही पोटं कपड्यांवरच्या त्या औषधानेच गेली असं ठाम सांगता येत नाही. पण पोटुशी बाईने त्या कपड्यांना हात लावू नये.

परतीच्या एसटीत विमलबाईने दोनदा जागा बदलली. नवऱ्याचे तसले सदरे तिने जन्मभर चोळले होते. गोकुळच्या आधी तिचीही दोन गेली होती. तेव्हा सासूने तिला पांढऱ्या पायाची म्हटलं होतं, आणि गेल्या वर्षी तेच तिने जयमालेला ऐकवलं होतं. आता तिला स्वतःची मनस्वी चीड आली.

संध्याकाळी गोकुळने अंगातला सदरा काढून नेहमीसारखा धुण्याच्या दगडावर टाकला. जयमाला सवयीने उठली.

"बस तू," विमलबाई म्हणाली. "गोकुळ, आजपासून तुहे कपडे तूच धुवायचे. हातमोजे घालून, तिकडं दूर."

"लोकं हासतील मले, माय."

"हासू दे."

तो बादली उचलून निघाला. विमलबाईने सुनेला मोरीपाशी नेलं, तिचे तळवे साबणाने चोळले, नाकाशी धरले. वास गेला की नाही, तिला कळेना. तिने पुन्हा साबण घेतला.

"मी बोलली ते मनातून काढून टाक, बाई," ती म्हणाली, आणि एकेक बोट धुवत राहिली.