पाण्याचं मी बघते

"जानीमावशी, तुझे पाय कोण धुतं गं?"

प्रश्न माझा नव्हता, माझ्या मैत्रिणींचा, वेणू आणि मालूचा होता. पण विचारायची छाती दोघींत नव्हती आणि माझ्यात होती. त्या महिन्यात तर जरा जास्तच होती. बोर्डीच्या शाळेत वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी पाळकसाहेबांनासुद्धा बोलता बोलता थांबवून शंका विचारत होते. "तिला विचारून दाखव, मग तुला मानलं," मालू म्हणाली. वेणू म्हणाली, "हंसा नुसती भाषणातच शूर हाय." झालं. मी तरातरा गेले आणि विचारलं.

जानीमावशी चर्चच्या मागे चिंचेखाली बसून एनॅमलची तसराळी राखेने घासत होती. दोन दिवसांवर प्रीतिभोजन आलं होतं. आमच्या मंडळीत ते वर्षातून दोनदा असतं, एकदा शुभ शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले म्हणून जेवायच्या आधी मंडळीही एकमेकांचे पाय धुते. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. कमरेला पंचा बांधायचा, शेजारणीपुढे गुडघे टेकायचे, तिचे पाय धुऊन पुसायचे, मग गालाला गाल लावायचा आणि पंचा सोडून तिच्या कमरेला बांधायचा. मग तिने पुढचीचे. शेवटची पहिलीचे धुते आणि ओळ पुरी होते. बाप्तिस्मा झाल्याशिवाय ओळीत बसता येत नाही. म्हणून आम्ही तिघी दर वेळी मागच्या चटईवरून बघायचो, आणि जानीमावशी कायम उभी दिसायची. चुलीवरून पाणी आण, गार झालेलं ओत, पंचे आण. बाप्तिस्मा होऊन तिला नऊ वर्षं झाली होती.

तिने हातातलं तसराळं खाली ठेवलं. मला वाटलं आता रागावणार. पण ती हसली.

"माझे? माझे नदीत धुतात."

"थट्टा नको. खरं सांग."

"पहिल्या साली बसले होते ना ओळीत. माझ्या शेजारची उठली, म्हणाली पोर रडतंय, बघून येते. पुढची म्हणाली, द्या पंचा इकडे. पुढच्या साली परत बसले. परत पोर रडलं." तिने मूठभर राख घेतली. "मग मीच म्हटलं, तुम्ही बसा बाया, पाण्याचं मी बघते. तेव्हापासून कोणाचं पोर रडत नाय."

चिंचेमागे वेणू आणि मालू फिदीफिदी हसत होत्या, त्या गप्प झाल्या.

जानीमावशी तलासरीकडच्या पाड्यावरची वारली. पूर्वी ती धवलेरी होती, म्हणजे लग्न लावणारी. तिच्या गाण्याशिवाय पाड्यावर लग्न लागत नसे. ख्रिस्ती झाल्यावर पाड्याने तिला बोलवणं बंद केलं. सख्खा भाऊ हाल्या, त्याच्या मुलीच्या लग्नात ती मांडवाबाहेर उभी होती. आत दुसरीच गात होती आणि मधली एक ओळ चुकली. "ओठापर्यंत आली होती," ती सांगायची, "गिळली." आणि आमच्या चर्चमध्ये तिला वाचता येत नाही, म्हणून गीत सुरू झालं की ती दोन शब्द मागून म्हणते.

मी कंबरेवर हात ठेवले. "यंदा तू ओळीत बसायचंस."

"आणि पाणी?"

"पाणी आम्ही तिघी आणू. कोणाच्याही शेजारी नाही, माझ्या आईशेजारी बस. माझी आई आहे ना! तुझे पाय नीट धुतले जातात की नाही, मी बघते."

जानीमावशीने तसराळं पुन्हा उचललं.

"तुझ्या आईशेजारी?"

"हो!"

"बरं," ती म्हणाली.

तिने मला सांगितलं नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं, असं मला कितीदा वाटलं. पण कोणती बाई मुलीच्या तोंडावर तसं सांगेल?

गुरुवारी ऊन उतरायला लागलं तशी मंडळी जमली. जानीमावशी आली ती धुतलेलं लुगडं नेसून. टाचांच्या भेगा दगडाने घासून घासून तिने लाल केल्या होत्या. मी हाताला धरून तिला नेलं आणि आईच्या आणि कंपाउंडरच्या भीमाकाकूंच्या मधे बसवलं. आईने सरकून जागा दिली. मला तर गगन ठेंगणं झालं. मी मालूला कोपराने ढोसलं, "बघ!"

पाळकबाईंनी आईचे पाय धुतले, गालाला गाल लावला, पंचा आईच्या कमरेला बांधला. मी नवीन पाणी आणून आईपुढे ठेवलं. जानीमावशीने लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं आणि पाय पुढे केले. आई वाकली. अर्धीच वाकली, आणि कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"आई गं! माझी कंबर धरली. भीमाबाई, तुम्ही घ्या पुढे."

आणि पंचा सोडून तिने तो जानीमावशीच्या मांडीवरून पलीकडे दिला. भीमाकाकूंनी घेतला. बायका पुढचं कडवं म्हणायला लागल्या. जानीमावशीचे दोन्ही पाय तसेच पुढे राहिले होते.

मग तीच उठली. तसराळं उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाणी गार झालं बाया. मी गरम घेऊन येते."

आईची अब्रू तिने राखली. माझ्या हे लक्षात यायला वेळ लागला, कारण मी हिशोब करत होते. शेजारणीचं पोर रडलं त्या साली, नऊ वर्षांपूर्वी, आमच्या मंडळीत तान्हं मूल एकच होतं, माझा भाऊ भिकू.

मी मागे धावले. चुलीपाशी ती बसली होती, पाणी तापवत नव्हती. मी तिच्यापुढे गुडघे टेकले, तसराळ्यात हात घातला, "मावशी, दे पाय. मी धुते. माझ्या आईपेक्षा चांगले धुते."

तिने पाय लुगड्यात ओढून घेतले.

"नको पोरी. तू अजून मंडळीतली नाय. तू धुतलेस तर ते नुसतं धुणं झालं."

"मग काय झालं?"

"नुसतं धुवायला नदी हाय." मग म्हणाली, "इतकी वर्षं मी आपली उभी होते. उभ्या माणसाला कोणी उठवत नाय. आज तू मला बसवलंस."

ती रागाने म्हणाली असती तर मी वाद घातला असता. वादात मी कोणाला हार जात नाही. पण ती हळू आवाजात म्हणाली आणि उठून पंचे पिळायला लागली. आतून मला हाका मारत होते, हंसा, पाणी, पाणी. मी नेलं. दुसरं काय करणार?

ईस्टरला ती आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. तेव्हा मी आणि वेणू चालत पाड्यावर गेलो. तिच्या झोपडीचं दार दोरीने बांधलेलं होतं. हाल्याची बायको रूपी अंगणात भात कांडत होती.

"घोलवडला गेली, चिकूच्या वाडीत. तिथंच राहते छपरात."

"परत कधी येणार?"

"कोणाला ठाऊक?" रूपीने मुसळ थांबवलं नाही. "तुमच्यात गेली तेव्हा आम्हाला वाटलं, तिला तिथं माणसं मिळाली. नाय का?"

वेणूने माझ्याकडे पाहिलं. शाळेत कोणत्याही विषयावर पाच मिनिटं बोलणारी मी, तिथून तशीच मागे फिरले. वाटेत वेणू म्हणाली, "आपण विचारायलाच नको होतं." ‘आपण’ म्हणाली, ‘तू’ नाही म्हणाली, एवढं तिचं चांगलं.

घरी जेवताना बाबा म्हणाले, "पुढच्या रविवारी भरती सकाळी आहे. पाळकसाहेब म्हणाले, नवाच्या आत खाडीवर या. तुमच्या तिघींचा बाप्तिस्मा उरकला की तिथेच प्रार्थना." बाबा शाळामास्तर, त्यांना वेळ नेमकी लागते.

मी भाकरी तशीच ठेवली. "आई, त्या दिवशी तुझी कंबर दुखत नव्हती."

"हंसा," बाबा म्हणाले.

आईने भिकूच्या ताटात आमटी वाढली. मग पळी खाली ठेवून म्हणाली, "माझी आई वलसाडला दवाखान्यात संडास धुवायची. हे तुला माहीत नाही. इथे सगळ्यांना माहीत होतं. मी लग्न होऊन आले, तेव्हा ओळीत माझ्या शेजारचीचंही काहीतरी दुखायचं. चार वर्षं. मग एकदा पाळकबाईंनी माझे पाय हातात घेतले. त्या दिवशी घरी येऊन मी इतकी रडले, विचार तुझ्या बाबांना. ती जागा मला तशी मिळाली आहे. मी जर जानीचे धुतले, तर ती जागा..." भिकू जेवायचा थांबून तिच्या तोंडाकडे बघत होता.

मला आईला काहीतरी लागेलसं बोलायचं होतं. दोन आठवडे मी ते तयार केलं होतं. ते माझ्याच्याने बोलवेना. तिच्याजवळ जाऊन बसावं असंही वाटलं, तेही जमलं नाही. जानीमावशीही त्या वेळी घोलवडला छपरात एकटी जेवत असेल, हे डोक्यातून जाईना.

"आता त्या बाईला शोधत फिरू नकोस," बाबा हळूच म्हणाले. "तिची इच्छा असेल तर ती येईल."

"शोधणार नाही," मी म्हटलं. "पण बाबा, आई, मी ठरवलंय ते ऐका. रविवारी मी बाप्तिस्मा घेणार. दिवाळीच्या भोजनाला मी ओळीत बसणार आणि माझ्या पुढची जागा जानीमावशीची म्हणून धरणार. तिथे कोणालाही बसू देणार नाही. ती आली तर तिचे पाय मी धुवेन. नाही आली, तर पंचा माझ्याच कमरेला राहील आणि ओळ तिथेच थांबेल. मी तो पुढे देणार नाही. आई, तू मागितलास तरी नाही."